कुडलचा संगम आणि कूडलसंगम: बसने निघणाऱ्यांसाठी

स्वतःची गाडी न काढता, सकाळी निघून दिवसभर रानातून चालावे आणि रात्री घरी परतावे अशी जागा सोलापुरात कोणाला विचारली, तर जाणती माणसे ‘कुडलच्या संगमावर जा’ असे सांगतात. ऐकणारा घरी येऊन फोनवरच्या नकाशात हे नाव शोधतो, तेव्हा त्याच्यासमोर कर्नाटकातले कूडलसंगम येण्याचीच शक्यता अधिक असते, आणि सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर पाहून बेत तिथेच बारगळतो. खरे तर सांगणाऱ्याच्या मनात होते ते दक्षिण सोलापूर तालुक्यातले हत्तरसंग कुडल, जे शहरापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे.

गल्लत होते याचे नवल नाही. दोन्हीकडे दोन नद्या एकमेकींना मिळतात, दोन्हीकडे काठावर चालुक्य वळणाचे जुने शिवमंदिर आहे, आणि देवाचे नावही एके ठिकाणी संगमेश्वर तर दुसऱ्या ठिकाणी संगमनाथ आहे. सोलापूरकरांसाठी त्यात आणखी एक धागा गुंतलेला आहे. बसवण्णांच्या, म्हणजे महात्मा बसवेश्वरांच्या, वचनांच्या शेवटी येणारी ‘कूडलसंगमदेव’ ही नाममुद्रा सिद्धरामेश्वरांच्या या गावात असंख्य घरांमध्ये लहानपणापासून कानावर पडते, त्यामुळे जवळचे कुडल म्हणजेच बसवण्णांचे कूडल, असा अनेकांचा प्रामाणिक समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की बसवण्णांचे ऐक्यस्थळ, म्हणजे समाधिस्थान, बागलकोट जिल्ह्यातील कूडलसंगम येथे, कृष्णा आणि मलप्रभा या नद्यांच्या संगमावर आहे. हत्तरसंग कुडल येथे भीमेला सीना मिळते.

पायी भटकणाऱ्याच्या दृष्टीने मला यांपैकी सोलापूरचे कुडल फार मोलाचे वाटते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. विजापूर रस्त्याने निघालेली एसटी वडकबाळजवळ सीनेचा पूल ओलांडते आणि तिथून पुढचा सगळा मुलूख एका बाजूला सीना व दुसऱ्या बाजूला भीमा अशा बेचक्यात येतो. मंद्रूप हे या पट्ट्यातले मोठे गाव आहे. हे बेचके पूर्वेकडे निमुळते होत जाते आणि त्याच्या टोकाला कुडल आहे. म्हणजेच मंद्रूपहून आत वळल्यावर आपण दोन नद्यांच्या मधल्या काळ्या रानातून संगमाकडे सरकत असतो, ही गोष्ट नकाशावर एकदा नीट पाहून ठेवली तर चालताना दिशा चुकत नाही. कंडक्टरला नुसते ‘कुडल’ न म्हणता ‘हत्तरसंग कुडल’ असे पूर्ण नाव सांगावे. थेट गाडी नसेल तर मंद्रूपला उतरून पुढची सोय पाहावी. मात्र विजापूरला जाणाऱ्या जलद गाडीत बसण्यापूर्वी ती मंद्रूपला थांबते का, हे विचारून घ्यावे.

गाडीतून उतरल्यावर नदीकडे जाणारी वाट उसाच्या आणि ज्वारीच्या रानांमधून जाते. पौष-माघात, ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून कणसे भरत असताना, इथे चालण्यासारखे सुख नाही. पावसाळ्यात मात्र हीच काळी माती चपलेला किलो-किलोने चिकटते, आणि नद्यांना पूर असेल तर काठाकडे फिरकूच नये. उन्हाळ्यात भीमेला पाणी किती असेल हे उजनी धरणातून पाणी सोडले आहे की नाही यावर अवलंबून असते, म्हणून भरलेला संगम पाहायचा असेल तर दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

काठावरच्या दोन मंदिरांपैकी हरिहरेश्वर मंदिर मातीखाली गाडले गेले होते आणि ते खोदून मोकळे करण्यात आले. तिथले बहुमुखी शिवलिंग जवळून पाहण्यासारखे आहे. एकाच दगडी लिंगावर ओळीने लहान लहान शिवमुखे कोरलेली असून मुख्य लिंगाच्या अंगाभोवती त्यांच्या रांगाच्या रांगा फिरत जातात; त्यांची संख्या ३५९ सांगितली जाते. शेजारच्या संगमेश्वर मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल, ही त्यातली मराठी ओळ आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या कोरीव पुराव्यांपैकी एक मानली जाते. श्रवणबेळगोळचा लेख शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक असतो, पण आपल्याच तालुक्यातला हा लेख, जो एसटीच्या तिकिटात पाहता येतो, तो पाहिलेली माणसे मला फार थोडी भेटतात, याचे वाईट वाटते. मुलांना घेऊन जावे आणि तुळईखाली उभे राहून ती ओळ त्यांना वाचून दाखवावी.

कर्नाटकातले कूडलसंगम हा निराळाच प्रवास आहे. तिथे विजापूरमार्गे बसने जाता येते, किंवा सोलापूर–गदग लोहमार्गावर आलमट्टी स्टेशनला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. नारायणपूर धरणाच्या फुगवट्याचे पाणी वाढल्यामुळे बसवण्णांच्या ऐक्य मंटपाभोवती विहिरीसारखी उंच भिंत बांधलेली आहे, आणि चहूकडे नदीचे पाणी असताना पायऱ्यांनी खाली उतरून दर्शन घ्यावे लागते. तो अनुभव विलक्षण आहे. पण परिसर मोठ्या तीर्थक्षेत्राचा, बांधीव रस्त्यांचा आणि यात्रेकरूंच्या वर्दळीचा असल्यामुळे रानातून चालण्याची ओढ असणाऱ्याने ती अपेक्षा ठेवून तिथे जाऊ नये. एका दिवसात धावपळ करून परतण्यापेक्षा मुक्कामाची तयारी ठेवावी आणि वाटेत बसवण्णांचे जन्मगाव बसवन बागेवाडी पाहावे, हे अधिक शहाणपणाचे.

भाड्याच्या बाबतीतही दोन्ही प्रवासांत फरक पडतो. हत्तरसंग कुडलचा सगळा प्रवास महाराष्ट्रातच होत असल्याने एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत पूर्ण अंतराला लागू होते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना भाडे पडत नाही. राज्याची हद्द ओलांडली की या सवलती संपतात. कर्नाटकाच्या गाड्यांतील महिलांचा मोफत प्रवास त्या राज्याच्या रहिवाशांपुरताच असल्यामुळे सोलापूरच्या महिलांना तिथे पूर्ण तिकीट काढावे लागते.

हत्तरसंग कुडलला जाताना पाणी आणि भाकरी बरोबर बांधून घ्यावी आणि उन्हासाठी डोक्याला काहीतरी असावे, कारण नदीकाठी सावली मंदिराचीच. परतीची शेवटची गाडी गावातून किती वाजता सुटते, हे उतरतानाच कंडक्टरला आणि नंतर गावातही एकदा विचारून ठेवावे. ती चुकली तर मंद्रूपपर्यंत पोहोचण्यासाठी एखाद्या खासगी जीपची वाट पाहण्यावाचून इलाज राहत नाही.