‘हा प्रोग्रॅम कदाचित नीट इन्स्टॉल झाला नसावा’: एका इशाऱ्याची पार्श्वभूमी

सेटअप पूर्ण होतो, ‘फिनिश’ दाबून होतं, आणि तेवढ्यात विंडोज एक चौकट पुढे करते: हा प्रोग्रॅम कदाचित नीट इन्स्टॉल झाला नसावा. खाली पर्याय असतात. शिफारस केलेल्या सेटिंग्ज वापरून पुन्हा इन्स्टॉल करा, किंवा प्रोग्रॅम नीट इन्स्टॉल झाला आहे असं सांगा. काहीतरी बिघडलं या धास्तीने पहिल्या पर्यायावर क्लिक होतं आणि सगळा खटाटोप पुन्हा सुरू होतो. त्या वाक्यातल्या ‘कदाचित’कडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर सगळी गोम तिथेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमने काही तपासून निदान केलेलं नसतं, तिने अंदाज बांधलेला असतो.

ही अंदाज बांधायची वेळ का आली, हे समजायला बरंच मागे जावं लागतं. विंडोज तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या मूळ प्रणालीवर चालायची. १९९१ साली एमएस-डॉस ५ बाजारात आलं, तेव्हा त्याच्यासोबत ‘सेटव्हर’ नावाची एक कमांड होती. तिचं काम एकच: अमुक प्रोग्रॅमने डॉसची आवृत्ती विचारली, तर त्याला खरी न सांगता जुनी सांगायची. कारण कित्येक प्रोग्रॅम सुरू होतानाच आवृत्ती बघायचे आणि ओळखीचा आकडा दिसला नाही की चालायलाच नकार द्यायचे. नव्या डॉसवर ते व्यवस्थित चालले असते, पण अडायचे ते नुसत्या आकड्यावर. मग सिस्टिमनेच खोटं सांगायचं ठरवलं.

विंडोज ९५ च्या वेळी हा प्रकार आणखी पुढे गेला. तिचा खरा क्रमांक ४.०, पण जुन्या १६-बिट प्रोग्रॅमांना ती स्वतःची ओळख ३.९५ अशी करून द्यायची. त्यामागचं कारण मला फार बोलकं वाटतं. विंडोज ३.१० साठी लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅमांमध्ये तपासणी चुकीची होती. मुख्य आकडा किमान ३ आणि त्यानंतरचा किमान १० असेल तरच पुढे जायचं, असं ते दोन्ही आकडे वेगवेगळे पडताळायचे. ४.० मध्ये दुसरा आकडा शून्य, म्हणून ही सिस्टिम ‘जुनी’ ठरायची! ३.९५ मध्ये दोन्ही अटी पुऱ्या होत होत्या.

त्याच काळातलं ‘सिमसिटी’ या खेळाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. हा खेळ मेमरीचा एक भाग परत करून टाकायचा आणि लगेच पुन्हा तोच वाचायचा. चूक उघडच खेळाची होती, पण विंडोज ३ च्या काळात ती मेमरी लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसल्याने निभावून जायचं. विंडोज ९५ वर खेळ बंद पडू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरांनी सिमसिटी चालू आहे का हे ओळखणारा कोड घातला, आणि तो चालू असेल तर मोकळी केलेली मेमरी लगेच परत न घेण्याची सोय केली. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नाही. कुठलाही इशारा आला नाही, खेळ चालत राहिला.

हा दुरुस्तीचा मार्ग पुढे रीतसर झाला. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये अशा दुरुस्त्यांचा एक डेटाबेसच होता. या दुरुस्त्यांना ‘शिम’ म्हणतात, म्हणजे आपली सुतारकामातली पाचर. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारतात तशी ती प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्यामध्ये बसते आणि प्रोग्रॅमला त्याच्या अपेक्षेप्रमाणे उत्तरं देते. प्रोग्रॅमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसणारा ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅब म्हणजे याच पाचरी हाताने बसवायची जागा.

इथे एक काळी बाजूही सांगायला हवी. विंडोज ३.१ च्या एका चाचणी आवृत्तीत, खाली एमएस-डॉसऐवजी डीआर-डॉस ही स्पर्धक प्रणाली असल्याचं लक्षात आलं की गूढ त्रुटीसंदेश दाखवणारा कोड होता. अंतिम आवृत्तीत तो निष्क्रिय केला गेला, पण पुढे कॅल्डेरा कंपनीने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात तो गाजला आणि २००० साली तो खटला तडजोडीने मिटला. इशाऱ्याच्या चौकटीवर वापरणाऱ्याचा किती विश्वास असतो, हे ती लिहिणाऱ्यांना तेव्हाच पक्कं माहीत होतं.

आपल्या चौकटीचा जन्म २००७ साली, विंडोज व्हिस्टाबरोबर झाला. एक्सपीच्या काळात बहुतेक लोक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत, त्यामुळे प्रोग्रॅम हव्या त्या फोल्डरमध्ये बिनदिक्कत लिहायचे. व्हिस्टाने परवानगी मागायला सुरुवात केली आणि जुने सेटअप धडाधड अडखळू लागले. त्यात आवृत्तीचा क्रमांक ५.१ वरून ६.० झाला, म्हणजे तीच जुनी चूक पुन्हा समोर आली. पुढच्या विंडोज ७ चा आतला क्रमांक ७.० न ठेवता ६.१ ठेवला गेला, तो यासाठीच.

प्रत्येक प्रोग्रॅमसाठी आधीच पाचर बनवून ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून ‘प्रोग्रॅम कम्पॅटिबिलिटी असिस्टंट’ हा पहारेकरी नेमला गेला. एखादी फाइल सेटअप आहे की नाही हे ओळखताना व्हिस्टा तिच्या नावात ‘इन्स्टॉल’, ‘सेटअप’, ‘अपडेट’ असे शब्द आहेत का, हेसुद्धा बघायची. सेटअप संपला की असिस्टंट इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमांच्या यादीत नवी नोंद आली का, ते पाहतो. नोंद नसली की चौकट हजर. आता एखादं छोटं साधन नुसत्या फाइल्स उलगडून मोकळं होत असेल, तर ते यादीत नोंद करणारच नाही. ते अगदी ठणठणीत असतं, तरी इशारा येतो. म्हणून अशा वेळी आधी प्रोग्रॅम उघडून बघावा. तो चालत असेल तर ‘नीट इन्स्टॉल झाला आहे’ हेच खरं उत्तर.

विंडोज ७ पासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘मी या आवृत्तीवर तपासलेला आहे’ असं मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रात, जाहीर करता येऊ लागलं. ज्यांनी तसं जाहीर केलेलं नाही त्यांना विंडोज ८.१ पासून पुढे ८ चाच क्रमांक, म्हणजे ६.२, सांगितला जातो.

इतर ऑपरेटिंग सिस्टिमनाही हे चुकलं नाही. लिनक्स २०११ साली ३.० वर गेलं, तेव्हा अडून बसणाऱ्या प्रोग्रॅमांना २.६.४० सांगायची सोय करावी लागली. मॅकओएस ११ जुन्या प्रोग्रॅमांना १०.१६ असा क्रमांक सांगतं. ॲपलने मॅकवर २०१८ साली जुन्या, ३२-बिट प्रोग्रॅमांवर इशारे दाखवायला सुरुवात केली आणि २०१९ च्या कॅटालिनात ते प्रोग्रॅम कायमचे बंद केले. अँड्रॉइड ९ फार जुन्या ॲपवर फक्त सूचना दाखवायचं, अँड्रॉइड १४ त्याहून नव्या कित्येक जुन्या ॲपना इन्स्टॉलच होऊ देत नाही. पूर्वी सिस्टिम गुपचूप दुरुस्ती करायची. आता जबाबदारी प्रोग्रॅमवाल्याची मानली जाते, आणि खिंडीत सापडतो तो वापरणारा.

यातला एक इशारा मात्र मनापासून ऐकावा. ‘या प्रोग्रॅममध्ये सुसंगततेच्या ज्ञात अडचणी आहेत’ असं येतं, तेव्हा तो अंदाज नसतो. तो प्रोग्रॅम डेटाबेसमध्ये नावानिशी नोंदलेला असतो. जुने अँटिव्हायरस, डिस्कची साधनं आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) यांच्या बाबतीत तर कम्पॅटिबिलिटी मोडच्या वाटेला जाऊच नये. पाचर बसते ती प्रोग्रॅमच्या पातळीवर, आणि ड्रायव्हर चालतो त्याच्याही खाली, कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात. तिथे चूक झाली तर डेटा जाऊ शकतो.

आणि एकदा बसवलेली पाचर आपणहून निघत नाही. ती फाइलच्या मार्गाला जोडलेली असते. समजा, एका प्रोग्रॅमला तुम्ही विंडोज एक्सपीची पाचर बसवली. वर्षभराने त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने आली, तरी तिलाही विंडोज एक्सपीच असल्याचं सांगितलं जातं. मग तो नवा प्रोग्रॅम सुरू होताच तक्रार करतो की तुमची विंडोज फार जुनी आहे. अशा वेळी कम्पॅटिबिलिटी टॅब उघडून बघावा, जुनी खूण बहुधा तिथेच असते.