आसिरगडच्या डोल्या ते जळगावची सिंधी कॉलनी

जीव वाचवायला आलेल्याला दार उघडावं का, या वादात खानदेशातली सर्वात जुनी साक्ष दार उघडणाऱ्याच्या विरोधात जाते. फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवलेली ही आख्यायिका आहे. १४०० च्या सुमारास खानदेशावर राज्य करणाऱ्या फारूकी घराण्याच्या नसीर खानाने बऱ्हाणपूरजवळच्या आसिरगडच्या आसा अहिराला निरोप धाडला: शेजारचे राजे उठलेत, माझ्या बायकापोरांना गडावर ठेवून घ्या. आसा कबूल झाला. आधी आलेल्या डोल्यांतून खरोखरच स्त्रिया उतरल्या आणि घरच्या बायका त्यांच्या पाहुणचाराला लागल्या. मागाहून आलेल्या डोल्यांत हत्यारबंद शिपाई होते. पाहुण्यांना सामोरा गेलेला आसा मुलांसकट मारला गेला. ‘निर्वासितांच्या आडून कोण येईल सांगता येत नाही’, हा आजचा युक्तिवाद त्या डोल्यांइतका जुना आहे. पण दुसऱ्या खेपेच्या डोलीचा पडदा कुणी वर केला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पहिल्या खेपेच्या बायकांना घेतलं ही चूक ठरत नाही.

गंमत म्हणजे याच फारूकींच्या राजधानीत, बऱ्हाणपुरात, सोळाव्या शतकात सिंधमधल्या धामधुमीतून बाहेर पडलेल्या सूफींना आणि विद्वानांना आसरा मिळाला. तिथला सिंधीपुरा मोहल्ला अजून आहे. यात निव्वळ दया नव्हती. वाढत्या शहराला माणसं हवीच होती.

१९४७ नंतर पुन्हा सिंधीच आले, या वेळी हिंदू. पंजाब-बंगालसारखी सिंधची वाटणी झाली नाही, त्यामुळे त्यांना स्वतःचा म्हणावा असा मुलूखच उरला नाही. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर लोंढा वाढला. बरेच जण बोटीने मुंबईला, तिथून कल्याणच्या छावणीत (१९४९ पासून उल्हासनगर) आले, काही कुटुंबं रेल्वेने पुढे खानदेशात. जळगावची सिंधी कॉलनी, कंवरनगर, फुले मार्केटातली कापडाची दुकानं ही त्यांची पुढची कहाणी. आज त्यांना कुणी निर्वासित म्हणत नाही.

कायद्याची बाजू मात्र लंगडीच राहिली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या कलम १४ ने आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताने सही केली नाही आणि स्वतःचा निर्वासित कायदाही केला नाही. १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याचा हक्क परक्यालाही आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतल्या सहा बिगरमुस्लिम धर्मांच्या लोकांना वाट करून दिली, तीही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच. पाकिस्तानात छळ होणारा, स्वतःला मुसलमान म्हणवणारा अहमदिया पंथाचा माणूस तिच्यात बसत नाही. माझ्या मते ही चाळणी छळाची नाही, धर्माची आहे.

पाकिस्तानातून नंतर आलेली सिंधी कुटुंबंही जळगावात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा परराष्ट्र मंत्रालयाला लगेच करावा लागला.