हॅडली अभिसरण

विषुववृत्ताजवळ तापून वर चढणारी, उंचावरून ध्रुवांच्या दिशेने सरकणारी, ३०° अक्षवृत्तांच्या आसपास खाली उतरणारी आणि भूपृष्ठालगत पुन्हा विषुववृत्ताकडे परतणारी हवेची फेरी. अशी एकेक फेरी दोन्ही गोलार्धांत आहे. काँगो आणि ॲमेझॉन खोऱ्यांतली वर्षावने तिच्या चढत्या बाजूला, तर सहारा, कालाहारी ही वाळवंटे उतरत्या बाजूला येतात. वर चढताना हवा थंड होऊन बहुतेक बाष्प पावसावाटे गमावते. खाली उतरताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १०° से. तापते, त्यामुळे उरलेसुरले ढगही विरतात.

विषुववृत्ताकडे परतणारी भूपृष्ठालगतची ही हवा म्हणजेच व्यापारी वारे. शिडाच्या जहाजांची सारी भिस्त त्यांच्यावर असे, पण ते पूर्वेकडून का येतात याचे समाधानकारक उत्तर नव्हते. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर बोट ठेवले. पृथ्वीच्या परिवलनाचा धागा जोडला तो जॉर्ज हॅडली यांनी, १७३५ मध्ये. हे गृहस्थ शिक्षणाने वकील. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने पूर्वेकडे फिरते, ३०° अक्षवृत्तावरची सुमारे १,४५० किमी वेगाने. विषुववृत्ताकडे येणारी हवा त्यामुळे मागे पडते आणि पूर्वेकडून वाहते असे भासते. युक्तिवाद देखणा, हिशेब मात्र कच्चा: अशा हवेचा कोनीय संवेग (वेग आणि पृथ्वीच्या अक्षापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर ठरणारी राशी) टिकतो, वेग नव्हे. ही फेरी ध्रुवांपर्यंत जाते, हा त्यांचा समजही खरा ठरला नाही. ३०° च्या पलीकडे पश्चिमी वाऱ्यांचे आणि आवर्तांचे राज्य सुरू होते.

अक्षवृत्तावरून पाऊस ठरवू गेल्यास भारतात फसगत होते. नागपूर आणि मक्का दोन्ही २१° उत्तरेजवळ. पण नागपूरला वर्षाला १,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, मक्केला जेमतेम १०० मिमीच्या आसपास. फरक मोसमी वाऱ्यांचा. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे भेटतात तो पट्टा सूर्यामागोमाग सरकतो आणि आशियाची तापलेली भूमी त्याला जुलैत गंगेच्या मैदानापर्यंत ओढते. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे मग विषुववृत्त ओलांडतात, परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन सह्याद्रीवर आदळतात. कोकणात कोसळणाऱ्या पावसाचा वारा असा मादागास्करच्या पूर्वेकडून निघालेला असतो.

हिवाळ्यात पट्टा दक्षिणेला जातो, उतरती हवा आपल्यावर येते आणि आकाश निरभ्र राहते. त्याच वेळी फेरीच्या उत्तर कडेवर, सुमारे १२ किमी उंचीवर, पश्चिमेकडून वेगवान झोतवारा वाहतो. पंजाबच्या गव्हाला पाऊस देणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळे, त्याच्याच वाटेने येतात.

गेल्या काही दशकांत या फेरीच्या बाहेरच्या कडा ध्रुवांकडे सरकल्या आहेत. याची झळ कडेवरच्या, हिवाळी पावसावर जगणाऱ्या प्रदेशांना आधी बसते. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातला हिवाळी पाऊस १९७० च्या दशकापासून घटलेला आहे.