‘हिअर’ म्हणजे ऐकणं नव्हे

ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की आपल्यातला कुणी ना कुणी हमखास विचारतो, ‘आर यू लिसनिंग टु मी?’ त्याला बिचाऱ्याला विचारायचं असतं, माझा आवाज येतोय का. पलीकडच्या साहेबाला वाटतं, हा मला विचारतोय, लक्ष कुठाय तुमचं? तिथे हवं होतं ‘कॅन यू हिअर मी?’

घोळाचं मूळ शाळेतल्या गाइडात. हिअर म्हणजे ऐकणे. लिसन म्हणजेही ऐकणे, पुढे कंसात ‘लक्षपूर्वक’. हा कंसच घात करतो. लक्ष थोडं की फार, हा प्रश्नच नाही. हिअर म्हणजे ऐकू येणे. ते आपसूक होतं, लिसन आपण करतो. मराठीत हा फरक वाक्याच्या पहिल्याच शब्दात कळतो: ‘मी ऐकतो’, पण ‘मला ऐकू येतं’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’च, त्यामुळे फसायला होतं. ‘आय लिसन्ड, बट आय डिडन्ट हिअर एनीथिंग’ म्हणजे कान देऊन ऐकलं, पण काही ऐकू आलं नाही. गाइडातल्या अर्थाने हे वाक्य लावून बघा!

‘आय ॲम हिअरिंग यू’ खटकतं तेही यामुळेच. आपसूक होणाऱ्या गोष्टीला सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय कॅन हिअर यू’ म्हणायचं. आणि हा ‘कॅन’ म्हणजे ‘शकतो’ नव्हे. वृत्तवाहिन्यांवर आता मराठीतही विचारतात, ‘आपण मला ऐकू शकताय का?’ अहो, ‘ऐकू येतंय का’ म्हणा की!

सी आणि लुक यांचंही तेच: सी म्हणजे दिसणे, लुक म्हणजे बघणे. मॅच चालू आहे, काहीतरी घडतंय आणि आपण बघत बसलोय, तर वॉच. ‘सी अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरांना दाखवणे, ते वेगळंच प्रकरण. लिसनपुढे ‘टु’ आणि लुकपुढे ‘ॲट’ विसरू नका. ‘लिसन म्युझिक’ कानाला फार टोचतं.

वासाच्या बाबतीत मात्र इंग्रजीच कंजूष. वास येणे आणि वास घेणे, दोन्हीला एकच ‘स्मेल’. मग फरक ‘कॅन’ आणि ‘इंग’वरूनच ओळखायचा. ‘आय कॅन स्मेल गॅस’ म्हणजे गॅसचा वास येतोय; ‘आय ॲम स्मेलिंग द मिल्क’ म्हणजे दूध नासलंय का, ते वास घेऊन बघतोय.