इस्लामी विद्यांची पुस्तके घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी थोडी माहिती

“इस्लामवर एखादे चांगले पुस्तक द्या.” आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी मागणी ही. मागणी साधी आहे, पण तिला साधे उत्तर नाही. चौदाशे वर्षांत या परंपरेत कितीतरी विद्या वाढल्या. प्रत्येकीचे प्रश्न वेगळे, पुरावा कशाला म्हणायचे याचे नियम वेगळे, आणि एका विद्येचे जाणकार दुसरीच्या जाणकारांवर नाराज असल्याचेही बरेच दाखले आहेत. त्यामुळे पुस्तक हातात आले की तीन गोष्टी बघा : ते कोणत्या विद्येचे, कोणत्या मताच्या लेखकाचे आणि कोणत्या काळातले. एवढे कळले तरी पैसे वाया जात नाहीत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही पुस्तके विकतो, फतवे देत नाही. घरातला एखादा मसला, म्हणजे धर्मनियमाचा प्रश्न, सोडवायचा असेल तर आपल्या मौलानांना किंवा मुफ्तींना विचारा.

कुरआन आणि तफसीर

मूळ अरबी कुरआनच्या दोन प्रकारच्या प्रती आमच्याकडे असतात. आपल्याकडे मदरशात शिकलेल्यांचा डोळा ज्या वळणाला सरावलेला असतो ती भारतीय छपाई, जिच्या समासात रुकू, म्हणजे परिच्छेद, दाखवणारी ‘ऐन’ची खूण असते. दुसरी मदिनेची प्रत : 15 ओळींचे पान, एकूण 604 पाने. मजकूर तोच, 114 सुरह (अध्याय) आणि 30 पारे (भाग) तेच. पण लिहिण्याचे वळण आणि थांबण्याच्या खुणा वेगळ्या असल्याने वयस्कर मंडळी दुसऱ्या प्रतीवर अडखळतात. आई-वडिलांसाठी घेणार असाल तर घरातली जुनी प्रत बघून या.

नुसते भाषांतर घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसणारे बरेच जण दुसऱ्या सुरहमध्येच थांबतात. दोष त्यांचा नाही. सुरह काळाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. सर्वांत आधी अवतरल्या असे बहुसंख्य विद्वान मानतात त्या आयती (वचने) 96 व्या सुरहमध्ये आहेत. कोणती आयत कोणत्या प्रसंगी आली, तिच्यातला शब्द त्या काळच्या अरबीत कसा वापरला जाई, हे सांगण्यासाठीच तफसीर, म्हणजे कुरआनवरचे भाष्य, ही विद्या उभी राहिली. तबरी (मृ. 923) प्रत्येक आयतीवरची आधीच्या लोकांची मते, कोणी कोणाकडून ऐकले त्यासकट देतो आणि मग स्वतःचा कौल सांगतो. फख्रुद्दीन राझी (मृ. 1210) वाटेत तत्त्वज्ञानाच्या गल्लीत शिरला की लवकर बाहेर येत नाही; ज्यांना वादविवाद आवडतो त्यांनीच तो घ्यावा. ‘जलालैन’ अगदी आटोपशीर आहे : जलालुद्दीन महल्ली यांनी सुरू केली, जलालुद्दीन सुयूती यांनी पुरी केली, आणि मदरशांत ती आजही शिकवतात. सर्वाधिक मागणी मात्र इब्न कसीर (मृ. 1373) यांना.

मुंबईकरांना माहीमचा दर्गा आणि तिथली जत्रा ठाऊक असते, पण तिथे विसावलेले मखदूम अली माहिमी (1372–1431) हे स्वतः अरबीत तफसीर लिहिणारे विद्वान होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांच्या तफसीरीचा भर एका आयतीचा पुढच्या आयतीशी संबंध दाखवण्यावर आहे.

जुन्या युरोपीय पुस्तकांतून संदर्भ शोधणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जर्मन अभ्यासक फ्लूगेल यांच्या 1834 च्या कुरआन-आवृत्तीत आयतींना वेगळे क्रमांक होते आणि पुढे बरीच वर्षे तिकडचे अभ्यासक तेच वापरत. आयत सापडत नसेल तर दोन-चार क्रमांक मागेपुढे बघा.

हदीस : कोणी कोणाकडून ऐकले

हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची ऐकीव परंपरेने आलेली नोंद. तिचे दोन भाग असतात : सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, आणि मत्न म्हणजे प्रत्यक्ष वचन. बुखारी (मृ. 870) यांच्या संग्रहातली पहिलीच हदीस घ्या : “कर्मे नीयतवर अवलंबून असतात”, म्हणजे करणाऱ्याच्या हेतूवर. बुखारी हे हुमैदींकडून ऐकतात, ते सुफियानकडून, ते यह्या बिन सईद अन्सारींकडून, ते मुहम्मद बिन इब्राहीम तैमींकडून, ते अल्कमा बिन वक्कासकडून, आणि अल्कमा म्हणतात की मी हे उमर बिन खत्ताब यांच्या तोंडून ऐकले. गंमत अशी की उमरपासून यह्यापर्यंत प्रत्येक पायरीवर एकच माणूस आहे. यह्यानंतर मात्र ती सांगणारे पुष्कळ झाले. इतका बारीक धागा असूनही ही हदीस सहीह, म्हणजे अस्सल मानली जाते, कारण त्यातला एकेक माणूस पारखलेला आहे. कोण कधी जन्मला, कोणाला भेटला, स्मरणशक्ती कशी होती, खोटे बोलल्याचा ठपका होता का, याची नोंद ठेवणारी वेगळी विद्या आहे. तिला ‘रिजाल’ म्हणतात. आमच्या मते हदीसच्या अभ्यासातला सगळ्यात वाचनीय भाग हाच, पण त्याची पुस्तके सगळ्यात कमी खपतात.

मोबाइलवर फिरणारा “बुखारी, क्रमांक अमुक” हा संदर्भ प्रत्येक छापील प्रतीत जुळेलच असे नाही. सध्या रूढ असलेल्या क्रमांकनात 7563 हदीस आहेत, त्यात पुनरुक्ती भरपूर. जुन्या किंवा संक्षिप्त प्रतींत आकडे वेगळे. ‘किताब’ आणि ‘बाब’, म्हणजे प्रकरण आणि पोटप्रकरण कोणते, हे विचारून घ्या. त्यावरून आम्ही काढून देऊ. सुन्नी परंपरेतले सहा मुख्य संग्रह आणि शिया परंपरेतले चार वेगळे आहेत, कुलैनींचे (मृ. 941) ‘अल-काफी’ हे दुसऱ्या गटातले. दोन्ही आमच्याकडे मिळतात, फक्त कोणते हवे ते सांगा.

फिकह : इथे जरा थांबा

सगळ्यात जास्त खरेदी आणि सगळ्यात जास्त परतावे याच शाखेचे. फिकह म्हणजे रोजच्या आचरणाचा कायदा : नमाज, रोजा, लग्न, वारसा, खरेदी-विक्री. सुन्नींचे चार मजहब, म्हणजे कायद्याच्या मतपरंपरा, चार इमामांच्या नावाने चालतात : अबू हनीफा (मृ. 767), मालिक (मृ. 795), शाफई (मृ. 820) आणि अहमद बिन हंबल (मृ. 855). इस्ना-अशरी, म्हणजे बारा इमामांना मानणाऱ्या, शियांचा जाफरी मजहब आहे, तर बोहरा समाजाचा आधार फातिमी काळातल्या काझी नोमान (मृ. 974) यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ला.

महाराष्ट्रात हा फरक रोजच्या जगण्यात दिसतो. देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक सुन्नी हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई. हनफी मतात समुद्रातला फक्त मासा हलाल. शाफई मतात समुद्रातले बहुतेक सगळे चालते. मग कोळंबीचे काय? हनफी विद्वानांत यावर जुना वाद आहे : कोळंबीला मासा म्हणायचे की नाही, एवढ्यावर सगळे ठरते. ज्यांनी तिला मासा मानले त्यांनी परवानगी दिली, इतरांनी टाळा म्हटले. रत्नागिरीच्या घरात हा प्रश्नच उठत नाही. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेचेही तसेच. शाफई मतात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की वेळ सुरू होते; रूढ हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. म्हणून दोन मशिदींच्या वेळापत्रकांत असरची वेळ वेगळी दिसते, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

यावरून कोकणातल्या ग्राहकांना एक विनंती. लग्नात मुलीला ‘बहिश्ती जेवर’ हे धर्मनियमांचे पुस्तक देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पुस्तक उत्तम, पण त्यातले मसले हनफी आहेत. शाफई घरासाठी वेगळी पुस्तके आहेत, ती आवर्जून मागा.

कायद्याचे विद्यार्थी ‘हिदाया’ मागतात. हे मर्गिनानी (मृ. 1197) यांचे हनफी पुस्तक. चार्ल्स हॅमिल्टन यांनी 1791 साली त्याचे इंग्रजी भाषांतर काढले तेही मूळ अरबीवरून नव्हे, फारसीवरून. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली न्यायालये त्यावर विसंबू लागली. अभ्यासक्रमात नाव आहे म्हणून ते जरूर वाचा, पण मूळ ग्रंथात एका प्रश्नावर दोन-तीन इमामांची मते शेजारी-शेजारी मांडून मग निवड केलेली असते, हे विसरू नका. कायद्याच्या कलमासारखे ते वाचता येत नाही. नियम कसा काढतात हे समजून घ्यायचे तर ‘उसूल’चे एखादे छोटे पुस्तक सोबत घ्या. कुरआन, सुन्नत म्हणजे पैगंबरांचा प्रघात, इज्मा म्हणजे विद्वानांचे एकमत आणि कियास म्हणजे साम्यावरून काढलेला निष्कर्ष, हे चार आधार त्यात उदाहरणांनी सांगितलेले असतात. द्राक्षाची दारू निषिद्ध ती नशेमुळे. मग जुन्या ग्रंथांत नाव नसलेला नवा अमली पदार्थही निषिद्ध, हा कियास.

कलाम आणि फलसफा

श्रद्धेचे प्रश्न तर्काने मांडणे म्हणजे कलाम. माणसाची कृती त्याची स्वतःची की अल्लाहने निर्मिलेली, कुरआन निर्मित की अनादी, असे हे प्रश्न. दुसरा प्रश्न इतका पेटला की खलिफा मामूनने 833 साली काझींची आणि विद्वानांची चौकशीच लावली. अहमद बिन हंबल यांना त्यात तुरुंगवास घडला. पुढे अशअरी आणि मातुरीदी हे दोन सुन्नी संप्रदाय टिकले.

फलसफा ही ग्रीक तत्त्वज्ञानावरून वाढलेली शाखा : किंदी, फाराबी, इब्न सिना. गझाली (1058–1111) यांनी तत्त्वज्ञांची वीस मते तपासली आणि त्यांतल्या तीन मतांवर कुफ्रचा, म्हणजे धर्मबाह्य असल्याचा, शिक्का मारला : जग अनादि आहे, अल्लाहला सुट्या घटनांचे ज्ञान सुट्या रूपात नसते, आणि देहासह पुनरुत्थान होत नाही. इब्न रुश्द (1126–1198) यांनी त्याला ग्रंथभर उत्तर दिले. दोन्ही पुस्तके एकदम घेतलीत तरच त्यात मजा आहे. गझालींनी तत्त्वज्ञान संपवले, असे अनेक जुन्या पुस्तकांत छापलेले असते. आम्हाला ते पटत नाही. लखनौच्या फिरंगी महलात मुल्ला निजामुद्दीन (मृ. 1748) यांच्या नावाने जो दर्स-ए-निजामी अभ्यासक्रम रुजला, त्यात मंतिक म्हणजे तर्कशास्त्राची पुस्तके ओळीने होती, आणि इराणी तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा (मृ. 1640) यांचा एक ग्रंथ विद्यार्थी नुसता ‘सद्रा’ म्हणून ओळखत.

तसव्वुफ

सूफींवरची पुस्तके भरपूर आणि बरीचशी चमत्कारांनी भरलेली. त्यापेक्षा मलफुजात मागा, म्हणजे शिष्यांनी उतरवून घेतलेली गुरूंची बोलणी. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांची बोलणी कवी अमीर हसन यांनी 1308 पासून लिहून ठेवली. ते स्वतः पुढे खुलताबादेत दफन झाले. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गाही तिथलाच. मराठीतून सुरुवात करायची तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आणि सेतुमाधवराव पगडींचे सूफी संप्रदायावरचे लेखन घ्या.

कशापासून सुरुवात करावी

मदरशात आधी सर्फ आणि नह्व, म्हणजे अरबी व्याकरण, आणि अगदी शेवटच्या वर्षी दौरा-ए-हदीस, म्हणजे मुख्य हदीस-संग्रहांचे वाचन. घरी वाचणाऱ्याला हा क्रम जमत नाही. आम्ही आधी पैगंबरांचे चरित्र देतो, मग शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या सुरहची तफसीर, आणि त्यानंतर आपल्या मजहबाचे एक फिकहचे पुस्तक. कलाम-फलसफ्याला घाई नको. उर्दू थोडी समजत असेल तर श्रीपाद जोशी आणि गोरेकरांचा उर्दू-मराठी शब्दकोश जवळ ठेवा, निम्मी अडचण दूर होते.

मुखपृष्ठावर मृत्यूचे साल 505 असे दिसले तर दचकू नका, ते हिजरी आहे, गझालींचेच 1111. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने नुसती 622 ची बेरीज चालत नाही.

अनेक खंडांचे ग्रंथ आम्ही मागणीनुसार मागवतो. ऑर्डर देताना भाषा, मजहब आणि भाषांतरकाराचे नाव लिहून द्या. चुकीच्या मजहबाचे पुस्तक नेले गेले असेल तर कोरी प्रत आठवड्याभरात बदलून मिळेल. कुरआनच्या प्रती इतर पुस्तकांबरोबर न बांधता वेगळ्या वेष्टनात पाठवल्या जातात, त्यामुळे एका ऑर्डरची दोन पार्सले आली तर ती दोन्ही तुमचीच आहेत.