पार्श्वभूमी : पर्यावरणाची जनसुनावणी आणि मराठीतली दहा पानं

गावात खाण, बंदर किंवा वीजप्रकल्प येणार म्हटलं की जनसुनावणीची, म्हणजे प्रकल्पावर लोकांचं म्हणणं नोंदवण्याच्या सभेची तारीख लागते, मांडव पडतो, पोलीस बंदोबस्त येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘सुनावणीत गदारोळ’ अशी बातमी येते. हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे, म्हणून इथे त्यावर वेळ घालवत नाही. ही नोंद त्या आधीच्या महिन्याबद्दल आहे. त्या महिन्यात लोकांच्या हाती काय वाचायला येतं, कोणत्या भाषेत येतं आणि ते वाचण्यासाठी त्यांना किती लांब जावं लागतं, यावरच सुनावणीत कोण काय बोलू शकणार हे बरंचसं ठरतं. महाराष्ट्रातल्या गेल्या तीस वर्षांच्या अनुभवातून मला तरी हेच दिसतं.

जुना काळ थोडक्यात सांगतो. १८९४ चा भूसंपादन कायदा झाला तेव्हा जमीनधारकाला ‘ही जमीन घेऊच नका’ असं म्हणायला त्यात जागाच नव्हती, वाद घालता येई तो मोबदल्याचा. मुळशीचा सत्याग्रह १९२१ साली पेटला तो याच कायद्याच्या छायेत. हरकत ऐकून घेण्याचं कलम १९२३ साली आलं. तेही जमिनीत हितसंबंध असलेल्यांपुरतं. खाडीत मासे मारणारा किंवा गायरानात गुरं नेणारा त्यात बसत नव्हता. ‘हरकती व सूचना’ हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात रुळले ते मात्र १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यामुळे. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या आणि समितीपुढे हरकतदाराला ऐकायचं, ही पद्धत त्याने घालून दिली. २०१५ साली मुंबईच्या आराखड्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि तो मसुदा मागे घेऊन नव्याने करावा लागला, हे अनेकांना आठवत असेल. शहरात वकील, वास्तुविशारद आणि नागरिक संघटना हाताशी असतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गसारख्या तालुक्यातल्या वाडीत यातलं काहीच नसतं.

पर्यावरणाच्या परवानगीचा कायदेशीर ढाचा केंद्र सरकारच्या २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेतून आला. जनसुनावणी त्यात सक्तीची झाली ती १९९७ च्या दुरुस्तीने. तेव्हाच्या सुनावणी-मंडळात जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रणाचे अधिकारी असत. त्यांच्या जोडीला स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी आणि परिसरातले तीनपर्यंत ज्येष्ठ नागरिकही असत. म्हणजे व्यासपीठावर निदान दोनतीन माणसं तिथल्या मातीची असायची. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने ही रचना मोडली. आता अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, सोबत प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी आणि समोर लोक. हे ज्येष्ठ नागरिक का काढले, याचं पटेल असं कारण मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

२००६ च्या याच दस्तऐवजावर आजही सगळं चालतं, म्हणून त्यातल्या तरतुदी बारकाईने पाहायला हव्यात. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यायची. किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यायची, एक राष्ट्रीय दैनिकात आणि एक प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी किंवा आकाशवाणी यांसारखे मार्ग वापरायचे. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करायचं. गणसंख्येची अट नाही, समोर चारच माणसं असली तरी सुनावणी सुरू करता येते. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा आणि लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचं टिपण त्यांवरच्या कंपनीच्या उत्तरांसह इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत तयार करायचं. सुनावणीत मतदान नसतं आणि सुनावणी घेणारी समिती निर्णयही देत नाही. लोकांचं म्हणणं नोंदवून वर पाठवणं एवढंच तिचं काम.

आता मुख्य गुंता. सुनावणीनंतरचे कागद स्थानिक भाषेत हवेत याबद्दल अधिसूचना स्पष्ट आहे. सुनावणीच्या आधी मात्र मराठीत द्यायचा असतो तो फक्त सारांश. मूळ पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास, इंग्रजीत असला तरी चालतो. या सारांशाची कमाल मर्यादाही ठरवून दिलेली आहे : ए-४ आकाराची दहा पानं. या दहा पानांत प्रकल्पाचं वर्णन, परिसराचं वर्णन, अपेक्षित परिणाम, उपाययोजना, देखरेखीची पद्धत, जादा अभ्यास, प्रकल्पाचे फायदे आणि पर्यावरण व्यवस्थापनाचा आराखडा एवढं सगळं बसवायचं असतं. शेकडो पानांच्या अहवालातून दहा पानं काढताना काय गळतं, याचा अंदाज करायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. कोणत्या विहिरीची पाणीपातळी कोणत्या महिन्यात मोजली, दिवसाला किती डंपर कोणत्या रस्त्याने जाणार, खाणीतलं पाणी कोणत्या व्हाळात (ओढ्यात) सोडणार, टाकाऊ मातीचा ढीग कोणाच्या मळ्याच्या वर येणार, हे सगळं परिशिष्टांतल्या तक्त्यांत आणि नकाशांत असतं. सारांशात ‘भूजलावर लक्षणीय परिणाम होणार नाही’ एवढं एक वाक्य येतं.

शेतकरी हरकत घेतो ती नेमकी त्या तक्त्यावर घेऊ शकतो. आपली विहीर मे महिन्यात कुठवर जाते हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असतं? पण तक्ता वाचताच आला नाही तर त्याच्याकडे ‘आमच्या पाण्याचं नुकसान होईल’ एवढंच म्हणायला उरतं. ते वाक्य इतिवृत्तात नोंदवलं जातं, कंपनी समोर लिहिते की योग्य ती खबरदारी घेतली जाईल, आणि कागदोपत्री मुद्दा निकाली निघतो.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं कळणे हे याचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उदाहरण. लोहखनिजाच्या खाणीसाठी २००८ साली तिथे सुनावणी ठरली. अहवाल आला इंग्रजीत. गावाने मराठी अहवालाची मागणी लावून धरली आणि सुनावणी पुढे ढकलावी लागली. ऑक्टोबरमध्ये ती झाली तेव्हा लोक तयारीने आले होते. हरकती लेखी दिल्या आणि विरोध एकमुखी होता. ग्रामपंचायतीला इतिवृत्त हातात पडायला मात्र बरेच दिवस लागले. पुढे मार्च २००९ मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली. मराठी अहवाल मिळवूनही गावाच्या म्हणण्याचा निर्णयावर परिणाम झाला नाही, मग अहवालाच्या भाषेचा एवढा आग्रह कशाला, असं यावर विचारलं जातं. माझं उत्तर असं की त्या हरकती लेखी आणि मुद्देसूद असल्यामुळेच पुढच्या न्यायालयीन लढाईला आणि पश्चिम घाटाच्या अभ्यासाला कळणेची नोंद आधार म्हणून वापरता आली. जुलै २०२१ मध्ये त्याच खाणीचा बांध फुटून चिखल आणि पाणी खालच्या घरांत, बागायतीत शिरलं. तेरा वर्षांपूर्वी गावकरी ज्या धोक्याबद्दल बोलत होते तो त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याने पाहिला.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. मराठी अहवाल बाधित गावांपर्यंत वेळेत पोचला नाही ही तेव्हाची मुख्य तक्रार होती. परवानगी त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ३५ अटींसह मिळाली. अटींची यादी लांबलचक आहे. पण साखरी-नाटे आणि आसपासच्या मच्छीमारांचा प्रश्न होता तो समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा, आणि त्यावर त्यांचं समाधान झालं नाही. एप्रिल २०११ मध्ये साखरी-नाट्यात गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. एका सुनावणीमुळे एवढं घडलं असं मी म्हणत नाही. पण ज्यांना आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटत नाही ते पुढच्या वेळी मांडवात येत नाहीत, रस्त्यावर येतात, हे प्रशासनालाही ठाऊक असावं.

याच काळात रायगडमध्ये अगदी वेगळं काही घडलं आणि ते फार लवकर विसरलं गेलं. पेण तालुक्यातल्या २२ गावांची जमीन विशेष आर्थिक क्षेत्रात जाणार होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही ओलिताची जमीन. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने तिथल्या शेतकऱ्यांची जनमत चाचणी घेतली. जमीन द्यायची की नाही, असा थेट प्रश्न होता. प्रचंड बहुमत विरोधात गेलं, पण सरकारने निकाल त्या वेळी अधिकृतपणे जाहीर केला नाही. पुढे ते संपादनही बारगळलं. इथे कोणाला दहा पानांचा सारांश वाचावा लागला नाही, कारण प्रश्नच सगळ्यांना कळेल असा होता. ही पद्धत पुन्हा कुठे वापरावी असं राज्यात कोणाला वाटलं नाही, याची खंत वाटते. २०१३ साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या १२ गावांच्या सभांनी खाणीला नकार दिला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या प्रक्रियेतून. त्या नकाराला वनहक्क कायद्याचं बळ होतं. पर्यावरणाच्या जनसुनावणीमागे असं बळ नाही.

पश्चिम घाटाची गोष्ट मोठी आहे, इथे तिच्यातला एकच धागा घेतो. घाटाच्या संरक्षणासाठी केंद्राने नेमलेल्या, माधव गाडगीळ यांच्या तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला, तोही माहिती अधिकारातला वाद दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या, म्हणजे खाणींसारख्या उद्योगांवर निर्बंध येतील अशा भागाच्या सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून ठरवावेत असं त्या अहवालातच लिहिलेलं होतं. सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या २५ गावांनी तर आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते. अहवाल दडवून ठेवलेल्या त्या महिन्यांत गावोगाव ‘घर बांधता येणार नाही, गोठा बांधता येणार नाही’ अशी हवा पसरली आणि तिला उत्तर द्यायला कोणाच्या हातात कागद नव्हता. दुसऱ्या, कस्तुरीरंगन यांच्या समितीचा अहवाल २०१३ साली आला. त्यावर आधारलेला, संवेदनशील क्षेत्र ठरवणारा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी, केरळातल्या वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी. एकूण क्षेत्र सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातलं १७,३४० महाराष्ट्रातलं. प्रत्येक वेळी ६० दिवसांत हरकती मागवल्या गेल्या. दहा वर्षांत सहा वेळा हरकती देऊन झाल्यावर सातव्यांदा लिहायला लोक कोणत्या उमेदीने बसणार? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याबाबत मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चार महिन्यांत संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, तो २०११ पासूनच्या याचिकेवर.

भाषेचा प्रश्न देशपातळीवर आला तो २०२० मध्ये. २००६ ची अधिसूचना बदलणारा नवा मसुदा मार्चमध्ये तयार झाला आणि ११ एप्रिलला, टाळेबंदीच्या ऐन भरात, राजपत्रात आला. भाषा इंग्रजी आणि हिंदी. मुदत ६० दिवसांची होती, ती आधी ३० जूनपर्यंत वाढवली गेली. त्या ३० जूनलाच दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत नेली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत मसुदा दहा दिवसांत प्रसिद्ध करायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्याने अधिसूचना इंग्रजी-हिंदीतच काढायची असते, हा सरकारचा युक्तिवाद होता. नियमाच्या अक्षरात तो बसेलही. पण याच मसुद्यात सुनावणीच्या पूर्वसूचनेचे दिवस ३० वरून २० करायचे होते. इंग्रजी अहवाल हाती आलेल्या गावाला तो कोणाकडून तरी समजून घ्यायला मिळणारे दहा दिवस त्यात जाणार होते, आणि त्याच गावांना तो बदल त्यांच्या भाषेत सांगायची तयारी नव्हती. हरकती लाखोंच्या घरात आल्या. तो मसुदा आजवर अंतिम झालेला नाही. त्यानंतरचे बदल वेगवेगळ्या दुरुस्त्यांतून आणि कार्यालयीन ज्ञापनांतून, म्हणजे मंत्रालयाच्या परिपत्रकवजा आदेशांतून येत राहिले, आणि ज्ञापनावर हरकती मागवल्या जात नाहीत.

जागेचा मुद्दाही अलीकडे पुन्हा वर आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरजागडच्या लोहखनिज खाणीच्या विस्ताराची सुनावणी एटापल्लीत न घेता गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर. सुरक्षेचं कारण दिलं गेलं आणि त्या भागाची परिस्थिती पाहता ते अगदीच टाकाऊ नाही. पण माडिया बोलणाऱ्या आदिवासीने एक दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं काढून तिथवर जायचं आणि मराठीत तयार झालेल्या सारांशावर बोलायचं, ही अपेक्षा कोणत्या नियमातल्या ‘जवळ’मध्ये बसते? वाढवण बंदराची सुनावणीही डहाणू तालुक्यातल्या वाढवणला झाली नाही. डिसेंबर २०२३ ची तारीख पुढे जाऊन ती १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला झाली. १९९१ च्या अधिसूचनेपासून खास संरक्षण असलेला हा तालुका. फेब्रुवारीत परवानगी आली आणि ३० ऑगस्टला ७६ हजार कोटींहून मोठ्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अणुखनिजं आणि मोक्याची म्हणून ठरवलेली खनिजं काढणाऱ्या खाणींना जनसुनावणीतून सूट देणारं ज्ञापन निघालं. देशाच्या संरक्षणाची गरज हे त्यामागचं कारण. २००६ च्या अधिसूचनेतही संरक्षण आणि सामरिक बाबींना सूट होतीच, तिची व्याप्ती आता खनिजांपर्यंत आली आहे. या सूट मिळालेल्या खाणींच्या परिसरात यापुढे ती दहा मराठी पानंसुद्धा वाटली जाणार नाहीत.