हास्केल, एमएल आणि त्यांची भावंडं: देवघेवीची पार्श्वभूमी

पवई-बीकेसीच्या ऑफिसांत स्काला ही प्रोग्रामिंग भाषा बहुधा स्पार्क या मोठा डेटा हाताळणाऱ्या साधनाचं बोट धरून शिरते. डेटाचं काम करता करता फंक्शनल, म्हणजे फंक्शनं जोडत प्रोग्राम लिहिण्याच्या, पद्धतीची गोडी लागते आणि मग प्रश्न येतो: पुढे हास्केल शिकू की ओकॅमल? या भाषा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी आहेत असं समजून हा प्रश्न विचारला जातो. त्यांचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

1970च्या दशकात रॉबिन मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिनबरोत एमएल भाषा घडवली, तीही एलसीएफ या गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीची सोबतीण म्हणून. टाइप, म्हणजे एखादं मूल्य संख्या आहे, मजकूर आहे की आणखी काही, हे लिहून न देता कम्पायलरनेच (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने) ते ओळखायचे, ही तिची मोठी देणगी. तिच्या घराण्यात पुढे स्टँडर्ड एमएल आली, आणि फ्रान्समधल्या कॅमलच्या शाखेतून 1996 मध्ये ओकॅमल.

दुसरीकडे ‘लेझी’ म्हणजे गरज पडेल तेव्हाच हिशेब करणाऱ्या भाषांचं पेव फुटलं होतं. 1987 पर्यंत अशा डझनाहून अधिक भाषा होत्या, सगळ्या जवळपास सारख्या, आणि प्रत्येकीमागे मूठभर माणसं. सर्वांत तयार होती डेव्हिड टर्नर यांची मिरांडा. सप्टेंबर 1987 मध्ये पोर्टलंडला जमलेल्या संशोधकांनी एक सामाईक भाषा करायचं ठरवलं आणि मिरांडाच पाया म्हणून मागितली. टर्नर यांनी नकार दिला. आपल्या भाषेच्या पोटभाषा होऊ नयेत, ती सगळीकडे एकच राहावी, हा त्यांचा आग्रह मला आजही समजण्यासारखा वाटतो. पण मिरांडा विकत घ्यावी लागायची, आणि 1990 मध्ये जाहीर झालेली हास्केल सर्वांना खुली होती. लोक तिकडे वळले. मिरांडाचा सोर्स कोड खुला झाला तो 2020 मध्ये.

नव्या समितीपुढे एक साधा दिसणारा पेच होता: दोन गोष्टी समान आहेत का, हे विचारायची मुभा कोणाला? संख्यांना ठीक आहे, पण दोन फंक्शनं समान आहेत का हे कसं ठरवणार? मिरांडात असा प्रश्न लिहिता यायचा, प्रोग्राम मात्र चालताना अडायचा. स्टँडर्ड एमएलने फक्त समानतेपुरती वेगळी खूण केली होती. दोन्ही उपाय समोर होते म्हणूनच त्यांची उणीव दिसली, आणि फिलिप वॅडलर यांनी टाइप क्लासची कल्पना मांडली: ज्या टाइपला तुलना जमते त्याने ती कशी करायची ते जाहीर करावं, बाकीच्यांना कम्पायलर आधीच रोखेल. वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांचा हा निबंध 1989च्या पॉपल या प्रोग्रामिंग भाषांवरच्या परिषदेत आला. हीच परिषद जानेवारी 2015 मध्ये आपल्या मुंबईत भरली होती, हे इथल्या फार थोड्या प्रोग्रामरना ठाऊक आहे.

ती कल्पना मग घरोघरी गेली. स्कालाने ती इम्प्लिसिटच्या, म्हणजे कम्पायलरने स्वतःहून पुरवायच्या मूल्यांच्या, रूपात बसवली. रस्ट या भाषेतले ट्रेट तिचेच वारस, आणि रस्टचा पहिला कम्पायलर होता ओकॅमलमध्ये लिहिलेला. हास्केलमध्येच कम्पायलर लिहिलेल्या एल्म या भाषेने मात्र टाइप क्लास मुद्दाम बाहेर ठेवले. ज्यांना त्यांच्यावाचून चैन पडेना, त्यांच्यासाठी प्युअरस्क्रिप्ट ही भाषा होतीच. टाइप क्लास नाहीत म्हणून एल्म गरीब ठरत नाही. चूक कुठे झाली आणि काय करून पाहावं, हे सरळ भाषेत सांगणारे तिचे संदेश इतके आवडले, की 2016 मध्ये रस्टने आपले संदेश बदलताना एल्मचं ऋण मान्य केलं.

धाकट्याकडून थोरल्याला मिळाल्याचं सर्वांत ठळक उदाहरण या घराण्याबाहेरचं आहे. अर्लँग ही भाषा 1980च्या दशकातली, टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सन कंपनीत घडलेली. तिच्याच व्हर्च्युअल मशीनवर (प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीवर) जोझे वालिम यांनी 2011च्या सुमारास एलिक्सिर ही नवी भाषा सुरू केली, तेव्हा ती अर्लँगची माणसं पळवेल अशी शंका घेता आली असती. प्रत्यक्षात ती साधनं घेऊनच आली. एलिक्सिरसाठी उभं राहिलेलं हेक्स हे पॅकेजचं कोठार आज अर्लँगवालेही वापरतात, आणि 2024च्या ओटीपी 27 या अर्लँगच्या आवृत्तीपासून तिची स्वतःची कागदपत्रं एलिक्सिरच्या एक्सडॉक या साधनातून तयार होतात.